तणनाशकांच्या विघटनाचे विद्युत्‌रासायनिक मापन

माती-पाण्यात गेलेल्या तणनाशकाच्या रेणूचे पुढे काय होते, हे इलेक्ट्रोडवरील प्रवाहावरून जोखण्याच्या पद्धती. इलेक्ट्रोडचे विभव बदलत नेले की ठरावीक विभवाला रेणूचे क्षपण किंवा ऑक्सिडीकरण होते व आलेखात शिखर उमटते. शिखराच्या जागेवरून पदार्थाचा अंदाज येतो, उंचीवरून प्रमाण कळते. यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनी १९२२ मध्ये प्राग येथे शोधलेली पोलॅरोग्राफी ही या पद्धतींची जननी. तिच्यासाठी त्यांना १९५९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ॲट्राझीन हे महाराष्ट्रात ऊस व मक्यात वापरले जाणारे तणनाशक. सुमारे २ पीएचच्या आम्लधर्मी द्रावणात पाऱ्याच्या इलेक्ट्रोडवर त्याचे क्षपण होते. मातीत क्लोरीनच्या जागी हायड्रॉक्सिल गट आला की हे शिखर खचते. मात्र सूक्ष्मजीवांनी नुसता एथिल गट काढला, तर क्लोरीन जागेवरच राहतो आणि नवा रेणू जवळपास त्याच विभवाला शिखर देतो. म्हणजे विघटन चालू असूनही आलेख ढिम्म! अशा वेळी क्रोमॅटोग्राफीने घटक वेगळे केल्यावाचून निदान होत नाही.

२,४-डीची गोष्ट उलटी. साध्या कार्बन इलेक्ट्रोडवर ते स्वतः जवळजवळ गप्प असते. त्यापासून होणाऱ्या २,४-डायक्लोरोफिनॉलचे ऑक्सिडीकरण मात्र सहज होते. त्यामुळे येथे उगवणाऱ्या शिखरावर नजर ठेवतात. पुढे फिनॉलही मोडते व शिखर ओसरते, म्हणून एकाच नमुन्यावर विसंबणे धोक्याचे: शिखर नाही म्हणजे विघटन सुरू झालेले नाही, की संपले, हे त्यातून कळत नाही. शिवाय फिनॉलच्या ऑक्सिडीकरणातून बनणारा चिवट थर इलेक्ट्रोडवर बसतो आणि त्याच द्रावणाची दुसरी फेरी पहिलीपेक्षा ठेंगणी येते. दर फेरीआधी ॲल्युमिनाच्या भुकटीने इलेक्ट्रोड घासला नाही, तर न झालेले विघटनही कागदावर झालेले दिसते.

भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ नुसार पिण्याच्या पाण्यात ॲट्राझीनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम, तर २,४-डीची ३० मायक्रोग्रॅम आहे. जुन्या पोलॅरोग्राफीची पोच लिटरला साधारण १०⁻⁵ मोल, म्हणजे ॲट्राझीनसाठी सुमारे २ मिलिग्रॅम, मर्यादेच्या हजारपट. स्पंद व्होल्टॅमेट्रीने हे अंतर पुष्कळ घटवले. तरी विहिरीच्या किंवा ओढ्याच्या पाण्यातील ह्यूमिक आम्ले इलेक्ट्रोडवर चिकटून संकेत दाबतात. म्हणून शुद्ध पाण्यात काढलेला मापनवक्र येथे लावत नाहीत; नमुन्यातच तणनाशकाची ज्ञात मात्रा थोडी-थोडी मिसळून शिखर किती वाढते ते पाहतात व त्यावरून मूळ प्रमाण काढतात.