पालवा बंदर ते भाऊचा धक्का

मुंबई पाहायला आलेला पाहुणा गेटवे ऑफ इंडियापाशी फोटो काढतो, घारापुरीची लाँच पकडतो आणि बंदर पाहून झाले असे समजतो. परगावच्या मित्रांना मी तिथून उत्तरेला, माझगावच्या बाजूला, भाऊच्या धक्क्यापर्यंत नेतो. गेटवेवर राजेरजवाडे उतरले. आमची माणसे मुंबईत आली ती या दुसऱ्या दाराने.

गेटवेची जागा म्हणजे जुने पालवा बंदर, इंग्रजांच्या तोंडी अपोलो बंदर. २ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथे उतरले, तेव्हा ही कमान नव्हतीच. पायाभरणी १९१३ मध्ये झाली आणि जॉर्ज विटेटच्या आराखड्याप्रमाणे बांधलेल्या वास्तूचे उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी झाले. निधी न उरल्याने समोरून येणारा नियोजित रस्ता राहून गेला. म्हणून कमान आजही रस्त्याला तिरकी दिसते. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीकडे गेली. साम्राज्याला आपला हा दरवाजा जेमतेम तेवीस वर्षे वापरायला मिळाला.

तिथून धक्क्याकडे जाताना गोद्यांची लांबलचक भिंत लागते. बाहेरच्या रस्त्याला गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांचे नाव आहे. भिंतीच्या आत, व्हिक्टोरिया गोदीत, १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र होत्या. सोन्याच्या विटाही होत्या. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ.

मग येतो भाऊचा धक्का. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भाऊ अजिंक्य यांनी उतारूंची सोय व्हावी म्हणून धक्का बांधला. पुढे भराव पडत गेले, किनारा सरकला, धक्क्याची जागाही बदलली. नाव मात्र लोकांनी सोडले नाही. कोकणची आगबोट इथे लागायची. रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवणकडचा चाकरमानी वळकटी आणि ट्रंक घेऊन इथे उतरायचा आणि गिरणगावातल्या एखाद्या गाववाल्याच्या खोलीचा पत्ता विचारायचा. गिरण्या चालल्या त्या अशा माणसांच्या बळावर.

याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ च्या सकाळी ‘रामदास’ बोट रेवसला निघाली. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावस्या संपून श्रावण लागणार होता. सणाला घरी निघालेल्यांची गर्दी होती. वाटेत वादळी लाटांनी बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला बातमी कळायला कित्येक तास गेले. रेवसच्या कोळ्यांनी होडीतली मासळी समुद्रात टाकून बुडणाऱ्यांसाठी जागा केली, असे सांगतात. स्वातंत्र्य महिन्याच्या आत येणार होते. त्या उत्सवाच्या धामधुमीत कोकणातल्या कितीतरी घरांत सुतक होते.

आमच्या शालेय इतिहासात पंचम जॉर्जची भेट होती, ‘रामदास’ नव्हती. बंदराचा इतिहास आपण बहुधा उतरलेल्या पाहुण्यांवरून लिहितो. माल चढवणारे, आग विझवणारे, सणाला गावी निघालेले त्यात क्वचितच येतात. धक्क्यावर बघण्यासारखे काय आहे, असे मित्र विचारतात. मासळीच्या टोपल्या, बर्फाच्या लाद्या, डिझेलचा वास आणि लाँचसाठी थांबलेली माणसे. गेटवे जरूर पाहावा. पण अर्धा दिवस इथेही काढावा. रेवसची लाँच आजही इथूनच सुटते.