पंधरा ऑगस्टचे चार प्रहर

मागे पट्टा असलेल्या चपला घाला, साध्या आज टिकणार नाहीत. पोटभर खाऊन निघा, पुढे खायचे हाल आहेत. पंधरा ऑगस्ट ही एकच तारीख आपल्याला सकाळपासून रात्रीपर्यंत फिरायची आहे; दर प्रहराला फक्त साल बदलेल आणि देश. भाषणं ऐकायला थांबायचं नाही, ती छापून आलेली आहेत. त्या गर्दीत जे उभे होते त्यांना काय दिसलं, कशाचा वास आला, आणि मुख्य म्हणजे काय दिसलंच नाही, ते तुम्हाला दाखवायचं आहे.

सकाळ. साल १९१४, पनामा. पहिला श्वास घेताच छातीत ओल भरते. पावसाळा आहे, मातीतून वाफ निघतेय, आणि डास मारायला डबक्यांवर ओततात त्या तेलाचा वास नाकात बसलाय. तुम्ही गातूनच्या काँक्रीटच्या भिंतीवर उभे आहात. खाली ‘अँकन’ नावाची बोट येते. याच कालव्यासाठी तिने सिमेंट वाहिलंय. आज मात्र तिच्यावर पताका आहेत आणि सुमारे दोनशे पाहुणे. दोन्ही काठांवरच्या रुळांवरून विजेची छोटी इंजिनं तारांनी तिला आवळून धरतात. इथली माणसं त्या इंजिनांना ‘खेचरं’ म्हणतात. लोखंडी दारं मिटतात, तळातून पाणी उसळतं आणि बोट तुमच्या डोळ्यांदेखत वर चढू लागते. अशा तीन पायऱ्या, सगळ्या मिळून २६ मीटर.

शेजारी बार्बाडोसहून आलेला मजूर उभा आहे. त्याच्या तळहाताचं कातडं जोड्याच्या तळासारखं झालंय. बोटीकडे त्याचं लक्ष नाही, तो भिंतीकडे बघतोय. अमेरिकी दप्तरात या खोदकामातले ५,६०० हून जास्त मृत्यू नोंदले आहेत, आणि त्यांतले बहुतेक याच्यासारखे, कॅरिबियन बेटांवरून आलेले. मुख्य अभियंता गोथल्सही बोटीवर नाही. तो काठाकाठाने रुळांवरून गाडी पळवत प्रत्येक दार तपासतोय. काम केलेल्या माणसाला पाहुणा होऊन बसणं जमत नाही. युरोपात नुकतीच लढाई पेटली आहे, त्यामुळे उद्याच्या वर्तमानपत्रांत या बोटीला कोपराच मिळेल. चला, ऊन चढलं.

दुपारचे बारा. १९४५, टोकियो. इतकं लख्ख ऊन की डोळे मिटतात. रातकिड्यांसारखे मोठे किडे झाडांवरून कर्कश ओरडताहेत. झाडं जिथे उरली आहेत तिथे. मैलोन् मैल जळकी जोती, वाकलेले पत्रे, आणि त्या राखेत कुणीकुणी लावलेले भोपळ्याचे वेल. गल्लीतली माणसं एका रेडिओभोवती जमली आहेत. निवेदक सगळ्यांना उभं राहायला सांगतो. तुम्हीही राहा.

आधी खरखर, मग एक बारीक, चढा, अडखळणारा आवाज. सम्राटाचा. या गल्लीतल्या कुणीही तो आजवर ऐकलेला नाही. आणि आता ऐकूनही कळत नाही, कारण भाषा दरबारी आहे आणि ध्वनिमुद्रिका खरखरतेय. शरणागती हा शब्द तर त्यात नाहीच. बाजूची बाई, सैलसर सुती विजार घातलेली, मान खाली घालूनच शेजारणीला काहीतरी विचारते. शेजारीण मान हलवते. कुणाला वाटतं, आणखी नेटाने लढा असंच सांगताहेत. पाच मिनिटांच्या आत आवाज थांबतो. मग निवेदक तेच सोप्या भाषेत सांगू लागतो आणि गर्दीतला एकेक चेहरा वेगवेगळ्या क्षणी बदलतो. एक म्हातारा आहे तिथेच, तापलेल्या मातीवर, गुडघे टेकतो. हुंदके ऐकू येतात. ती बाई मात्र आधी वर बघते. आभाळ रिकामं आहे. काल रात्रीपर्यंत कुठे ना कुठे बाँब पडत होते. मग ती पोराचा हात धरून घराकडे वळते. संध्याकाळी रताळी शिजवायची आहेत, तीही पुरतील का याचा घोर आहेच.

इथे मला जास्त बोलवत नाही. पुढे जाऊ.

संध्याकाळ. १९४७, दिल्ली. लाल किल्ल्याकडे धावू नका! तिथे पंडितजी झेंडा फडकावणार ते उद्या, सोळाला. आज यायचं ते इंडिया गेटजवळच्या प्रिन्सेस पार्कवर. आता चपलांचे पट्टे पुन्हा बघून घ्या.

काही हजार माणसं धरून आखलेल्या मैदानावर काही लाख माणूस लोटलाय. आसपासच्या खेड्यांतून लोक बैलगाड्यांनी, टांग्यांनी, सायकलींनी आणि पायी आलेत. घाम, बिडी, घोड्यांची लीद, तुडवलेलं ओलं गवत, कुणाच्या तरी फडक्यातली तुपकट मिठाई, सगळे वास एकत्र. ऑगस्टचा उकाडा वरून नाही, माणसांतून येतो. तुम्ही एक पाय उचललात तर तो परत टेकायला जागा राहत नाही. त्यामुळे उचलू नका. बाया लेकरांना डोक्याच्या वर धरून उभ्या आहेत, म्हणजे त्यांना वारा तरी लागेल. पाहुण्यांसाठी मांडलेली आसनं कुठे होती ते आता कुणालाच सांगता येणार नाही. बँडवाल्यांचे नुसते तुरे दिसतात.

तेवढ्यात तुमच्या खांद्यावर कुणाचा तरी पाय पडतो. वर बघा. पंडित नेहरू माणसांवरून चालत व्यासपीठाकडे निघालेत, आणि त्यांच्यामागून माउंटबॅटन यांची अठरा वर्षांची मुलगी पामेला, उंच टाचांचे जोडे हातात घेऊन, अनवाणी. दुसरा रस्ताच उरलेला नाही. कुणी रागावत नाही. उलट हात वर करून त्यांना पुढे ढकलतात.

माउंटबॅटन यांच्या बग्गीला तर उतरण्यापुरतीही जागा नाही. ते तिथूनच ओरडून सांगतात, झेंडा चढवा! संचलन नाही, ठरलेला थाट नाही, काहीच नाही. तिरंगा वर जातो, बारीक पाऊस भुरभुरतो आणि त्याच वेळी आभाळात इंद्रधनुष्य उमटतं. हे मी रंगवून सांगत नाही, तिथे असलेल्यांनी लिहून ठेवलंय. तुम्हाला खांब दिसत नाही, दोरी दिसत नाही, समोर फक्त एका जाट शेतकऱ्याची भिजलेली पाठ आहे. पण आरोळी उठते ती तुमच्या छातीच्या पिंजऱ्यात घुमते, आणि आपणही ओरडतोय हे तुम्हाला घसा दुखल्यावर कळतं. परतताना बायका-मुलं चिरडू नयेत म्हणून त्यांना बग्गीत ओढून घेतलं जातं, आणि बसायला जागा नसलेले पंतप्रधान बग्गीच्या दुमडलेल्या टपावर बसून जातात. मला हा दिवस असाच आवडतो, आखलेलं सगळं मोडून पडलेला.

रात्र. १९६९, अमेरिका. न्यूयॉर्क राज्यातलं बेथेल. संगीत-महोत्सवाचं नाव वुडस्टॉक, पण ते गाव इथून लांब आहे. हे मॅक्स यास्गरचं दुभत्या गाईंचं शेत. रस्त्यावर मोटारींची रांग हलत नाही म्हणून लोक गाड्या सोडून चालत आलेत. कुंपण पुरं झालंच नाही, त्यामुळे तिकिटाचं विचारू नका. वादकांना हेलिकॉप्टरने आणावं लागतंय. पहिला वाद्यवृंद रस्त्यात अडकला तेव्हा रिची हेवन्सला पुढे केलं होतं. त्याची गाणी संपली तरी लोक उतरू देईनात, तेव्हा घामाने निथळत, पाय आपटत त्याने ‘स्वातंत्र्य’ हा एकच शब्द पुन्हा पुन्हा गात गाणं जागेवर रचलं. पंधरा ऑगस्टला! तुम्ही तिथे असतात तर अंगावर काटा आला असता.

आता दहा वाजलेत आणि पाऊस सुरू झालाय. कापलेला चारा, शेण, गांजाचा धूर, ओली गोधडी. उतारावरचा चिखल घोट्यापर्यंत आलाय. मंचावर रविशंकर, तंबोऱ्यावर माया कुलकर्णी, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ. पूरिया धनाश्री. सूर्य केव्हाच मावळलाय, रागाची वेळ टळून गेली आहे, पण इथे ते कोण बघतो! दमट हवेत चामडं उतरतं, तारा हलतात. त्या बोटांचे काय हाल होत असतील ते सतार-तबला जवळून पाहिलेल्यालाच कळेल. चिखलात बसलेली ही गर्दी बघून आपल्याकडच्या पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी आठवल्या, असं रविशंकर पुढे म्हणाले.

तबला एकटा सुरू होतो. झपताल. शेजारी भिजून चिंब झालेला एक पोरगा मान हलवतोय, टाळ्या देतोय, आणि दर वेळी चुकतोय. त्याचा हात धरा. दोन, तीन, दोन, तीन. दहा मात्रा बोटांवर मोजून दाखवा आणि समेवर त्याच्या चिखलाने भरलेल्या गुडघ्यावर जोरात थाप मारा. तो दचकतो. पुढच्या आवर्तनात पुन्हा हुकतो. त्याच्या पुढच्यात त्याची टाळी नेमकी समेवर पडते आणि तो भर पावसात असा ओरडतो की पुढच्या चार रांगा मागे वळून बघतात.