पुढचा भाग पुढच्या आठवड्यात

२००९ सालच्या उन्हाळ्यात जपानमधल्या अ‍ॅनिमेच्या चाहत्यांनी रात्री जागून एकच गोष्ट लागोपाठ आठ आठवडे पाहिली. मालिकेचं नाव ‘सुझुमिया हारुही नो युउत्सु’, काढणारा स्टुडिओ क्योतो अ‍ॅनिमेशन. शाळेची सुट्टी संपायला दोन आठवडे उरलेत. पाच मित्रमैत्रिणी पोहायला जातात, बॉन उत्सवात हिंडतात, झाडांवरचे किडे पकडतात, बेडकाचे झगे चढवून चार पैसे कमावतात. ३१ ऑगस्टची रात्र सरते आणि काळ मागे फिरतो. सुट्टीचे तेच दोन आठवडे नव्यानं सुरू. गोष्टीतल्या हिशेबानं हे चक्र १५,५३२ वेळा फिरतं. टीव्हीवर ते आठ वेळा फिरवलं.

गंमत अशी, की स्टुडिओनं जुनाच भाग पुन्हा लावला नव्हता. आठही भाग नव्यानं काढलेले, आवाजही नव्यानं दिलेले. संवाद जवळपास तेच, पण कपडे वेगळे, कॅमेऱ्याचा कोन वेगळा. पहिल्या भागात चक्राचा मागमूस नाही. दुसऱ्यात भानगड कळते आणि प्रेक्षक सरसावून बसतो. तिसऱ्यात वाटतं, आता सुटतील. चौथ्या-पाचव्याला संयम संपतो. आठव्या भागात नायक सगळ्यांना राहिलेला गृहपाठ एकत्र बसून करायला लावतो आणि एकदाचा गाडा पुढे सरकतो. चाहते भडकले होते. आज ही मालिका पाहणारा दुसऱ्या भागावरून थेट आठव्यावर उडी मारू शकतो. ती चालू असताना पाहणाऱ्याला ही सोय नव्हती. त्याचे जूनपासून ऑगस्टपर्यंतचे दिवस खरोखरच त्यात गेले.

मालिका चालू असतानाच तिच्याबरोबर राहायचं, दर आठवड्याला मत बनवायचं, पुढच्या आठवड्यात ते बदलायचं आणि दोन्ही वेळा मित्रांशी वाद घालायचा, ही रीत जपानमध्ये साठ वर्षांत घडत गेली. मात्र या मताला भाव यायला बराच काळ जावा लागला. कारण मालिकेचा पैसा येत होता तो दुसऱ्याच खिशातून.

१ जानेवारी १९६३, मंगळवार, संध्याकाळी सव्वासहा. फुजी टीव्हीवर ओसामू तेझुकांची ‘तेत्सुवान आतोमु’ सुरू झाली. बाहेरच्या जगात ती ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ म्हणून गेली. अर्ध्या तासाची चित्रमालिका दर आठवड्याला दाखवायची, हा जपानी टीव्हीवरचा पहिलाच प्रयोग होता. इतक्या कमी वेळात इतकी चित्रं काढायची कशी? तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शननं काटकसरीची वाट धरली. सेकंदाला आठच चित्रं, किंवा त्याहून कमी. चेहरा स्थिर, हलतं ते फक्त तोंड. आतोमु आकाशात झेपावतो ते दृश्य एकदाच काढून ठेवायचं आणि पुढच्या भागांत हवं तिथे वापरायचं.

पैशाचं गणितही असंच ओढूनताणून जमवलेलं. तेझुकांनी वाहिनीला प्रत्येक भाग खर्चापेक्षा कमी किमतीत दिला. तूट भरून काढायची ती आतोमुचं चित्र असलेल्या मालाच्या विक्रीतून. प्रायोजक होती मेइजी ही मिठाई कंपनी. तिच्या मार्बल चॉकलेटबरोबर आतोमुचे स्टिकर मिळायला लागले आणि मुलांनी दुकानांत गर्दी केली. मालिका चार वर्षं, १९३ भाग चालली. पुढे १९७३मध्ये मुशी प्रॉडक्शनचं दिवाळं निघालं, पण भाग स्वस्तात देण्याची सवय या धंद्याच्या अंगवळणी पडली ती पडलीच. त्या काळात प्रेक्षकाचं मत म्हणजे त्यानं चॉकलेट घेतलं की नाही, एवढंच.

१९६९च्या ऑक्टोबरात रविवारी संध्याकाळी साडेसहाला ‘साझाए-सान’ सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. उद्या ऑफिस, उद्या शाळा, या विचारानं रविवारी संध्याकाळी जो जीव कासावीस होतो, त्याला जपानी लोक याच मालिकेचं नाव देतात. आठवड्याला एक भाग ही चाल घरोघरच्या घड्याळात बसली होती. पण ‘साझाए-सान’ सगळं घर पाहत होतं. ज्याला चाहता म्हणावं असा प्राणी दिसला तो एका पडलेल्या मालिकेच्या अंत्ययात्रेत.

ती मालिका ‘उचू सेनकान यामातो’, म्हणजे अंतराळातली युद्धनौका यामातो. ६ ऑक्टोबर १९७४ला ती सुरू झाली तेव्हा त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर इसाओ ताकाहातांची ‘हायडी’ ऐन भरात होती. आल्प्सच्या कुरणातल्या त्या मुलीपुढे अवकाशातली लढाई टिकेना. ३९ भागांचा बेत होता. २६ भागांत गुंडाळावं लागलं. रेटिंगच्या आकड्यांच्या लेखी गोष्ट तिथेच संपली.

पण ज्यांनी ती पाहिली होती, त्यांतले बरेच जण चॉकलेटच्या वयाचे नव्हते. हायस्कूल-कॉलेजातली ही मुलं. तेव्हा घरोघरी व्हिडिओ नव्हता. बीटामॅक्स आलं १९७५मध्ये, व्हीएचएस १९७६मध्ये, आणि दोन्ही महाग. मग भाग साठवायचा कसा? कॅसेट रेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरजवळ धरायचा आणि घरातल्यांना अर्धा तास गप्प बसवायचं. चित्र गेलं तरी संवाद आणि संगीत हाती राहायचं. त्यांनी मंडळं काढली, हातानं लिहिलेली-छापलेली पत्रकं वाटली, वाहिन्यांना पत्रं पाठवून पुनःप्रक्षेपण मागितलं. डिसेंबर १९७५मध्ये तोक्योत पहिलं कॉमिक मार्केट भरलं. चाहत्यांनी स्वतः छापलेली मासिकं विकण्याचा हा बाजार, पहिल्या खेपेला जेमतेम ३२ गट आणि ७०० माणसं. आज तो लाखोंचा आहे.

पुनःप्रक्षेपणात ‘यामातो’नं पकड घेतली. टीव्हीवरचे भाग कापून-जोडून केलेला सिनेमा ६ ऑगस्ट १९७७ला लागला, तेव्हा आदल्या रात्रीपासून थिएटरांबाहेर रांगा होत्या. बंद पाडलेल्या मालिकेसाठी रात्रभर रस्त्यावर बसणारी पोरं पाहून प्रकाशकांचे डोळे उघडले. १९७८मध्ये तोकुमा शोतेननं ‘अ‍ॅनिमेज’ हे मासिक काढलं; १९८५मध्ये कादोकावाचं ‘न्यूटाइप’ आलं. यांत चालू मालिकांच्या पुढच्या भागांची माहिती असे, वाचकांची मतं घेऊन वर्षाचे आवडते ठरत, आणि पडद्यावर भर्रकन सरकून जाणारी नावं ठळक छापली जात. अमुक दृश्य कोणाच्या हातचं, हे सामान्य वाचक ओळखायला लागला. योशिनोरी कानादांनी काढलेले स्फोट आणि अंगावर धावून येणाऱ्या आकृती पाहणाऱ्याला नाव वाचायची गरजच उरली नाही. गायकाचं घराणं तानेवरून ओळखावं, तशातली ही गोष्ट.

‘गंडम’च्या वेळी तेच नाटक पुन्हा, फक्त मोठ्या रंगमंचावर. ७ एप्रिल १९७९ला सुरू झालेल्या योशियुकी तोमिनोंच्या या मालिकेत यंत्रमानव म्हणजे लढाईची सामग्री होती आणि शत्रूचीही बाजू होती. प्रायोजक क्लोव्हर ही खेळण्यांची कंपनी. लहान मुलांना भावतील असे चकचकीत धातूचे यंत्रमानव तिला विकायचे होते. मालिकेवर जीव लावून बसलेल्या मोठ्या मुलांना ते नको होते. ५२ भागांचा बेत ४३वर उरकला. जुलै १९८०मध्ये बान्दाईनं प्लास्टिकचे सुटे भाग बाजारात आणले. छोट्या प्रतिकृतीचा संच ३०० येनना, स्वतःच गोंदानं चिकटवायचा, स्वतःच रंगवायचा. या खेळण्यात कौशल्य होतं, मोजमाप होतं, मालिकेतलं यंत्र हुबेहूब उतरवण्याची ईर्षा होती. दुकानांपुढे रांगा लागल्या. मालिका संपून सहा महिने झाले होते.

२२ फेब्रुवारी १९८१ला ‘गंडम’च्या पहिल्या सिनेमाच्या निमित्तानं तोक्योतल्या शिंजुकू स्टेशनच्या पूर्वेकडच्या चौकात चाहत्यांना बोलावलं होतं. गर्दी सुमारे १५ हजारांवर गेल्याचं सांगतात. रेटारेटी वाढली तशी खुद्द तोमिनोंना माइक हातात घेऊन पोरांना आवरावं लागलं. त्या दिवशी चाहत्यांच्या वतीनं एक जाहीरनामा वाचला गेला: अ‍ॅनिमेचं नवं युग सुरू झालं आहे. त्यातली भाषा सोडून द्या. वितरकांनी आणि खेळणीवाल्यांनी मोजली ती डोकी.

यानंतर चाहता नुसता पाहणारा राहिला नाही. शाळकरी वयात ‘यामातो’नं झपाटलेला हिदेआकी आन्नो हा मुलगा ओसाकाच्या विज्ञानकथा संमेलनासाठी हौशी चित्रपट करता करता गायनॅक्स या स्टुडिओच्या संस्थापकांत जाऊन बसला. ऑक्टोबर १९९५मध्ये त्याची ‘इव्हँजेलियन’ संध्याकाळी साडेसहाला, मुलांच्या वेळेत सुरू झाली. स्टुडिओचं वेळापत्रक कोलमडत गेलं तसतशी मालिका आतल्या आत वळत गेली. मार्च १९९६मधल्या शेवटच्या दोन भागांत महायुद्ध नाही, राक्षस नाहीत. कच्ची रेखाटनं, स्थिर चित्रं, आणि नायकाच्या मनाची उलटतपासणी. सहा महिने दर बुधवारी टीव्हीपुढे बसलेल्यांची टाळकी फिरली. भांडण इतकं पेटलं, की १९९७च्या सिनेमात आन्नोनं चाहत्यांचे शिव्याशाप लिहिलेले संदेशच पडद्यावर झळकवले.

त्याच वर्षी ‘इव्हँजेलियन’ रात्री उशिरा पुन्हा दाखवली आणि त्या अवेळीही तिला भरपूर प्रेक्षक मिळाले. मध्यरात्रीनंतरची वेळ स्वस्त होती. अनेक कंपन्यांनी मिळून निर्मिती समिती करायची, वाहिनीकडून ती वेळ विकत घ्यायची, आणि टीव्हीवरचा भाग ही पुढे विकायच्या डिस्कची जाहिरात समजायची, असा नवा व्यवहार रुळला. दोन भागांच्या एका डिस्कला सहा-सात हजार येन मोजणारे काही हजार वेडे मिळाले तरी मालिका तरत असे. जपानी कार्यक्रमपत्रिकेत या वेळा २५:३०, २६:०० अशा छापतात. रात्री दीड वाजता दिवस बदललेला नसतो. जागणारा झोपला की मगच तो बदलतो.

म्हणजे चॉकलेटवाला गेला, खेळणीवाला मागे सरला आणि चाहता स्वतःच गिऱ्हाईक झाला. त्याबरोबर त्याची जीभही धारदार झाली. १९९८मधल्या ‘लॉस्ट युनिव्हर्स’ मालिकेचा चौथा भाग इतका कच्चा निघाला, की त्याच्या नावातला ‘याशिगानी’, म्हणजे नारळी खेकडा, हा शब्द वाईट चित्रांसाठी शिवी म्हणून वापरात आला. आठवडाभरात विसरला जायला हवा होता असा भाग. चाहत्यांनी अजून सोडलेला नाही.

या व्यवहारानं मालिकांचं मापही बदललं. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे चार हंगाम, एका हंगामात बारा-तेरा भाग. हंगामाच्या तोंडावर डझनावारी नव्या मालिका येतात आणि चाहता भाजी निवडावी तसा बसतो. तीन भाग पाहून ठेवायचं की टाकायचं ते ठरवण्याचा प्रघात पडला. जानेवारी २०११मधली ‘मादोका माजिका’ या प्रघाताचा नेमका फायदा घेते. गोड रंग, जादूच्या पोशाखातल्या शाळकरी मुली, आणि तिसऱ्या भागाच्या अखेरीस सगळ्यांचा आधारवड वाटणारी मामी नावाची मुलगी डोळ्यांदेखत मारली जाते. सोडून द्यायच्या बेतात असलेले तिथे अडकले. शेवटचे दोन भाग उरले असताना ११ मार्चचा भूकंप झाला आणि प्रक्षेपण थांबलं. ते दोन भाग एप्रिलच्या उत्तरार्धात दाखवले. चालू मालिका पाहण्यात जगातल्या घडामोडीही मध्ये येतात, त्या अशा.

भारतातल्या मुलांना ही आठवड्याची चाल १९९३मध्ये कळली, तीही नकळत. दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी ‘द जंगल बुक’ ही निप्पॉन अ‍ॅनिमेशनची मालिका. गुलजारांचं शीर्षकगीत, विशाल भारद्वाज यांचं संगीत, आणि शेरखानच्या तोंडी नाना पाटेकरांचा आवाज. नानांची डरकाळी ऐकायला जमलेल्या मराठी घरांत कोणाला ठाऊक होतं, की हा मोगली तोक्योहून आलाय? जपानमध्ये ती मालिका १९८९मध्येच सुरू झाली होती. तिकडचं ताजं इकडे येईपर्यंत शिळं होई. अमेरिका-युरोपातले चाहते तर हौसेनं उपशीर्षकं चढवलेल्या व्हिडिओ कॅसेटी टपालानं एकमेकांना पाठवत.

जानेवारी २००९मध्ये क्रंचीरोल या संकेतस्थळानं ‘नारुतो शिपुदेन’चे भाग जपानमधल्या प्रक्षेपणानंतर तासाभरात सभासदांना दाखवायला सुरुवात केली. वर्षांचं अंतर तासावर आलं. भारत घड्याळात साडेतीन तास मागे असल्यानं आपल्याकडच्या चाहत्याची भलतीच सोय झाली. तोक्योतल्या माणसाला ज्या मालिकेसाठी जागावं लागतं, तिची वेळ पुण्यात-नागपुरात रात्रीच्या जेवणाची. २०१९मध्ये भारतीय चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली आणि माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ इथल्या थिएटरांत आला. वाहिन्यांना पत्रं लिहिणाऱ्या ‘यामातो’वाल्यांना हा उद्योग ओळखीचा वाटला असता.

मध्यंतरी आठवड्याची चाल मोडायचाही प्रयत्न झाला. ‘जोजो’ मालिकेची आधीची पर्वं २०१२पासून टीव्हीवर एकेक भाग करत आली होती. ‘स्टोन ओशन’ या पर्वाचे १२ भाग नेटफ्लिक्सनं १ डिसेंबर २०२१ला एकदम सोडले आणि उरलेले पुढच्या वर्षी दोन गठ्ठ्यांत. चाहत्यांची तक्रार गोष्टीबद्दल नव्हती. कोणी एका रात्रीत सगळं संपवलं, कोणी तिसऱ्या भागावर होतं, बोलायचं कोणाशी? पूर्वी महिनोन्‌महिने चालणारी चर्चा काही दिवसांत थंडावली.

ऑक्टोबर २०२४मध्ये ‘दान्दादान’ आली ती नेटफ्लिक्सवरही आठवड्याला एक भाग याच हिशेबानं. डिसेंबरमध्ये बारावा भाग ऐन झटापटीत, नायिका संकटात असताना तोडला. पुढचा भाग जुलै २०२५मध्ये. सहा महिने चाहत्यांनी निर्मात्यांच्या नावानं बोटं मोडली, तर्क लढवले, मूळ मांगा, म्हणजे चित्रकथा, वाचलेल्यांना गप्प बसवलं, आणि जुलैत पहिल्याच रात्री पुन्हा हजर झाले.