माळवदाकडून स्लॅबकडे : मराठवाड्यातील घरबांधणीच्या एका स्थित्यंतराविषयी

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगाव हे गाव वाङ्मयाच्या अभ्यासकांना ठाऊक असावे असे काही कारण नाही. तरीही प्रस्तुत लेखाचा आरंभ आम्ही तेथूनच करीत आहोत. नावातच दोन थर बाळगणारे हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १९५६ मध्ये मराठवाड्याबरोबर ते मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्ये बदलली, पण घरे बांधण्याची रीत या बदलांनी फारशी हलली नाही. ती हलली ती गेल्या चार दशकांत. आज मराठवाड्यातील अशा कोणत्याही गावात गेले असता दगडमातीच्या भिंतींची जुनी माळवदे आणि सिमेंटच्या स्लॅबची नवी घरे एकाच गल्लीत उभी दिसतात. या दोहोंच्या मधल्या अंतरात काय घडले, हा आमचा विषय आहे.

विषय वाङ्मयबाह्य वाटेल. परंतु ग्रामीण कथा शिकविताना 'माळवद' या शब्दापाशी वर्ग अडखळतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा असेल. विद्यार्थी 'गच्ची' असा अर्थ सांगून पुढे जातात आणि आपणही जाऊ देतो. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' ही कादंबरी १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा मराठवाड्यातील वाचकाला हा शब्द समजावून सांगावा लागत नव्हता. तो त्या छताखालीच बसून वाचीत होता. अवघ्या दोन पिढ्यांत एक संपूर्ण शब्दकुल टीपांमध्ये जाऊन बसावे, ही घटना भाषेच्या इतिहासाइतकीच बांधकामाच्याही इतिहासातील आहे.

माळवद म्हणजे नुसते सपाट छप्पर नव्हे. दगडी उथळ्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर किलच म्हणजे लहान लाकडांचा दाट थर, त्यावर पाला आणि शेवटी पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असे. उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी छतात साणे ठेवीत. पाणी पन्हळीतून खाली जाई. घराचे माप चौरस फुटांत नव्हे, तर खणांत सांगत. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. भिंतीत देवळ्या आणि कोनाडे, धान्यासाठी बळद, दाराशी बसाउठायला ढाळज. माती आणीत ती पांढरीतली. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथामुळे 'काळी' आणि 'पांढरी' ही जोडी आपल्या परिचयाची आहे : काळी म्हणजे शेतीची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षे पडलेल्या घरांची माती पांढरीत साठत जाई आणि तीच पुन्हा नव्या घराच्या छतावर चढे. दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकून ती चोपावी लागे. हा वार्षिक थर जुन्यावर बसत राही आणि छप्पर वर्षागणिक जड होत जाई. ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे तिचा संबंध मृत्यूशी येणार आहे.

या रचनेला पहिला धक्का भूकंपाने दिला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते पूर्णतः खरे नाही. सिमेंट दीर्घकाळ नियंत्रित वस्तू होती. तिच्यासाठी परवाना लागे, आणि ग्रामीण भागात ती सहजी मिळत नसे. या दुर्मिळतेला राजकीय किंमत किती होती, हे महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिले. सिमेंटवाटपावरून उठलेल्या वादात मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये पद सोडावे लागले. त्याच वर्षी सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये ते पूर्णपणे गेले. त्यानंतर तालुक्याच्या बाजारात सिमेंटची पोती खुलेपणाने दिसू लागली. दुसऱ्या बाजूस चांगले लाकूड महाग झाले होते. म्हणजे माळवदाची पीछेहाट आधीच सुरू झाली होती. ती वेगवान झाली एका रात्रीने.

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जनाची रात्र संपत आली असता, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता साधारण ६.२ होती, जगाच्या अन्य भागांत एवढ्या भूकंपात एवढी माणसे मरतातच असे नाही. ती मेली ती घरांखाली. युसूफ वडगाव किल्लारीपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. हादरा पुण्या-मुंबईपर्यंत आणि हैदराबादपर्यंत जाणवला, तेथे बीड जिल्ह्याचे काय सांगावे! त्यानंतर कित्येक रात्री मराठवाड्यातील माणसे अंगणात निजली. ज्या छताने पिढ्यान्पिढ्या सावली दिली, त्याच्याकडे संशयाने पाहण्याची सवय तेव्हा लागली.

निकाल ताबडतोब लागला : मातीने मारले. हा निकाल कोणी लिहून जाहीर केला नाही, पण तो सर्वांनी मान्य केला. पुढील तीस वर्षांची घरबांधणी त्याच निकालावर उभी आहे. म्हणून त्याची तपासणी करणे आम्हांस आवश्यक वाटते.

अभियंत्यांनी पडलेल्या घरांची जी पाहणी केली, तिच्यातून दिसणारे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. भिंती दोन-अडीच फूट आणि काही ठिकाणी त्याहूनही जाड होत्या. परंतु त्या एकसंध नव्हत्या. आतील बाजूचा एक थर, बाहेरील बाजूचा एक थर आणि मध्ये दगडगोट्यांची व मातीची भर, अशी त्यांची घडण होती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड बहुतेक सामान्य घरांत घातलेलेच नव्हते. कोपऱ्यांत भिंती एकमेकींत गुंतविलेल्या नव्हत्या. हादरा बसताच दोन्ही थर फुगून अलग झाले आणि कोसळले. वर वर्षानुवर्षांची साठलेली माती होतीच. लाकडी सांगाड्याविषयीचे निरीक्षण तर विशेष बोलके आहे. कित्येक ठिकाणी भिंती पडल्या, पण खांब आणि तुळया उभ्या राहिल्या. जेथे सांगाडा पडला, तेथे खांब व तुळई यांच्या सांध्यांना तिरके आधार नव्हते. म्हणजे दोष होता तो सांध्यांचा, बांधणीचा आणि अतिरिक्त वजनाचा. द्रव्याचा दोष त्या मानाने गौण होता.

शासनाने हे ओळखले नव्हते असे नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. काही गावे होती तेथेच पुन्हा बांधली गेली. आणि याखेरीज आसपासच्या अनेक जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीचा व मजबुतीकरणाचा मोठा भाग होता. या तिसऱ्या भागात शिफारस अशी होती : माळवदावरील माती कमी करा, भिंतींत आरपार बांधणारे घटक घाला, भिंतींना सलग पट्टा द्या, लाकडी सांध्यांना तिरके आधार जोडा. म्हणजे जुने घर राखूनच ते सुरक्षित करा. गावोगावी स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमून ही माहिती घराघरांत पोहोचविण्याचा प्रयत्न झाला. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचे त्यातील कार्य नमूद करण्याजोगे आहे.

तथापि लोकांनी काय केले? मिळालेल्या पैशातून बहुसंख्य कुटुंबांनी जुने घर दुरुस्त करण्याऐवजी त्याच्या शेजारी विटासिमेंटची एक नवी खोली बांधली. त्यांना दोष देता येणार नाही. ज्याने शेजाऱ्याचे घर गिळलेले पाहिले आहे, त्याला 'तुझे माळवद चार दगड घातल्याने सुरक्षित होईल' असे सांगून पटत नाही. भय युक्तिवाद ऐकत नाही. आणि सरकारी व्यवहारातील 'कच्चे' व 'पक्के' या शब्दांनी त्या भयाला अधिकृत भाषा दिली. मातीचे छप्पर ते कच्चे, सिमेंटचे ते पक्के. पुढे इंदिरा आवास योजनेतून आणि २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेतून जी घरकुले उभी राहिली, त्यांच्या कागदपत्रांतही हीच विभागणी चालत आली. शब्द एकदा निवाडा करू लागला की वस्तूकडे पाहण्याची गरज उरत नाही.

पण वस्तूकडे पाहिले तर काय दिसते? २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. तेथील मातीचे गोल 'भुंगे' मोठ्या संख्येने तगून राहिले. आणि भूकंपकेंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. माती तारूही शकते आणि काँक्रीट मारूही शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? किल्लारीच्या वेळी हा प्रदेश नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखविलेला होता. २००२ मध्ये तो परिसर तिसऱ्या विभागात गेला. नकाशा बदलला, परंतु गावातील गवंड्यापर्यंत त्या बदलाचा अर्थ कितपत पोहोचला, हा प्रश्न उरतोच. कॉलममधल्या रिंगा किती अंतरावर बांधाव्यात, सळई सांध्यात किती लांब न्यावी, स्लॅबला किती दिवस पाणी मारावे, या गोष्टी घरमालकाला दिसत नाहीत. त्याला दिसतो तो स्लॅब. आरपार दगड नसलेली भिंत जशी बाहेरून भक्कम दिसे, तसाच रिंगा कमी असलेला कॉलमही भक्कम दिसतो. दोष एका द्रव्यातून निघून दुसऱ्यात राहावयास गेला, असे म्हणण्यास त्यामुळे जागा आहे.

येथे एक दूरचे उदाहरण घेतो. कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरी जाणाऱ्यांना एका गोष्टीचे नवल वाटते : एवढ्या संपन्न देशातील सामान्य घरे लाकडाच्या सांगाड्याची! भिंतीवर टकटक केली तर पोकळ वाजते. आपल्या भाषेत ही 'कच्ची' घरेच म्हणावी लागतील. त्या देशातील बांधकाम व्यवसायात गेल्या दीड दशकाची ठळक बातमी लाकडाच्याच पुनरागमनाची आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००९ मध्ये सहा मजल्यांपर्यंत लाकडी सांगाड्याच्या निवासी इमारतींना मान्यता दिली. २०१५ च्या राष्ट्रीय इमारत संहितेने ती देशासाठी स्वीकारली. २०२० च्या संहितेत थरांनी जोडलेल्या जड लाकडाच्या इमारतींची मर्यादा बारा मजल्यांपर्यंत गेली. व्हँकूव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात १८ मजली विद्यार्थी-वसतिगृह २०१७ मध्ये वापरात आले. त्याचा तळमजला आणि जिन्यांचे गाभे काँक्रीटचे, बाकीची रचना मुख्यतः लाकडाची.

कॅनडाचे जंगल आपल्याकडे नाही आणि त्यांची घरे आपण बांधावीत असे आम्हांस सुचवावयाचे नाही. मुद्दा पद्धतीचा आहे. लाकूड जळते, हा आक्षेप तेथेही जुना होता. त्या आक्षेपावरून त्यांनी लाकूड त्याज्य ठरविले नाही; किती जाडीचे लाकूड किती वेळ आगीत टिकते, त्यावर कोणते आवरण द्यावे, सांधे कसे करावेत, याची परीक्षा घेतली आणि त्या परीक्षेप्रमाणे नियम पायरीपायरीने बदलले. आपण माळवदाची अशी परीक्षा अभियंत्यांच्या अहवालात घेतली; समाज म्हणून घेतली नाही.

याची किंमत दोन प्रकारची आहे. पहिली उन्हाळ्यात कळते. चाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या मराठवाड्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडतो, आणि घरातली माणसे बाजेसह अंगणात येतात. दुसरी किंमत ज्ञानाची. माळवद रचणारा सुतार आणि दगड घडविणारा पाथरवट यांची कामे संपली. त्यांची मुले सेंटरिंगच्या कामावर गेली किंवा गाव सोडून गेली. पाडलेल्या वाड्यांचे कोरीव खांब आणि दरवाजे शहरांतील दिवाणखान्यांत शोभेला लागले. आज एखाद्याने ठरविले की घरातील जुने माळवद शास्त्रीय पद्धतीने मजबूत करावे, तर ते काम जाणणारा हात सापडणे कठीण आहे. उथळे, किलच, साणे, बळद हे शब्द त्या हातांबरोबर गेले. स्लॅबबरोबर सेंटरिंग, कॉलम, बीम, रिंगा हे शब्द आले आणि ते आता पूर्णतः मराठी झाले आहेत. त्यांविषयी आमची तक्रार नाही. तक्रार एवढीच की जुने शब्द आम्ही केवळ हळहळण्यासाठी जपतो.

कारण माळवदाविषयीचा स्मरणरंजनाचा सूर आम्हांला त्या भयाइतकाच अपुरा वाटतो. गारव्याच्या, चांदण्या रात्रींच्या, आजीच्या देवळीतल्या दिव्याच्या आठवणी खऱ्या असतील. पण त्याच छतांखाली हजारो माणसे गाडली गेली, हे विसरून त्या आठवणी लिहिता येणार नाहीत. आणि ती माणसे गाडली गेली म्हणून शेकडो वर्षांची एक विद्या सरसकट अडाणीपणात जमा करणे, हेही मृतांना न्याय देणे नव्हे. त्यांना मारले ते भिंतीत न घातलेल्या दगडाने, छतावरून न काढलेल्या मातीने आणि सांध्याला न दिलेल्या आधाराने. हे तिन्ही दोष माणसाने टाळता येण्याजोगे होते.

म्हणून ग्रामीण साहित्य शिकविणाऱ्यांना आमची विनंती आहे की 'माळवद' या शब्दापाशी वर्ग अडखळला तर त्याला 'गच्ची' म्हणून पुढे जाऊ देऊ नये. फळ्यावर त्याचा छेद काढून दाखवावा : उथळे, खांब, तुळई, किलच, पाला, माती. त्याच आकृतीत भिंत कोठे फुगली आणि वजन कोठे वाढत गेले, तेही दाखवावे. त्या वर्गातील एखादा विद्यार्थी युसूफ वडगावसारख्या गावातून आलेला असेल आणि त्याच्या घरी येत्या उन्हाळ्यात स्लॅब पडणार असेल, तर रिंगा किती अंतरावर बांधल्या आहेत हे गवंड्याला विचारण्याचे त्याला त्या तासाला सुचले, तरी तो तास वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही.