वचन, प्रकरण आणि अनुमान

साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत उतारा देऊन 'यावरून काय सूचित होते?' असे विचारण्याची पद्धत आधुनिक मानली जाते. परंतु स्पष्ट न सांगितलेला अर्थ कशाच्या आधारे काढावा, हा प्रश्न मराठी गद्याच्या आरंभकाळीच उपस्थित झाला होता.

चक्रधरांच्या आठवणी त्यांच्या शिष्यपरिवाराकडून मिळवून म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्यातील वचनांना स्थळ, प्रसंग आणि श्रोता यांची चौकट आहे. पुढे केसोबासांनी ही वचने लीळांतून निवडून 'सूत्रपाठ' सिद्ध केला. पाठांतराची सोय झाली. पण प्रसंग सुटला, आणि त्याबरोबर अर्थाची मर्यादाही सैल झाली. सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले हे सांगणारे 'प्रकरणवश' पंथात आवश्यक ठरले, ते यामुळेच.

केसोबासांच्याच 'दृष्टांतपाठा'त सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी त्रिविध रचना आढळते. हत्तीचा एकेक अवयव चाचपणाऱ्या आंधळ्यांच्या कथेतून वाचक अनेक तात्पर्ये काढू शकेल. त्यांपैकी प्रस्तुत कोणते, हे दार्ष्टांतिक ठरविते. अनुमानाला वाव आहे, परंतु स्वैरता नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर व लोणार ही स्थळे 'लीळाचरित्रा'त येतात. लोणार येथे यादव राजा कान्हरदेव चक्रधरांना भेटल्याचा उल्लेख आहे. त्यावरून चक्रधरांची कीर्ती राजदरबारापर्यंत पोहोचली होती, असे ग्रंथकारास सांगावयाचे आहे, हे अनुमान सयुक्तिक होय. मात्र केवळ भेटीवरून राजा अनुयायी झाला असे म्हणणे म्हणजे वाचकाने स्वतःची भर घालणे होय. मजकूर ज्याला आधार देतो ते पहिले. मजकूर ज्याला केवळ विरोध करीत नाही ते दुसरे. परीक्षेतील बहुतेक चुका या दोहोंच्या गल्लतीतून होतात.

याच जिल्ह्यातील मलकापूर तालुक्यात, नरवेल येथे जन्मलेल्या डॉ. वि. भि. कोलते यांचे 'लीळाचरित्रा'चे संपादन 1978 साली प्रसिद्ध झाले. अशा संपादनाचे महत्त्व येथेच आहे : पाठ निश्चित झाल्याखेरीज अनुमानाला पायाच मिळत नाही.

तेव्हा उत्तर लिहिणाऱ्याने आपल्या अनुमानाचा आधार मजकुरातील शब्दांत दाखवावा, हे जितके आवश्यक, तितकेच प्रश्न काढणाऱ्याने उताऱ्याचे प्रकरण तोडू नये, हेही आवश्यक आहे. प्रकरण काढून घेऊन एकच उत्तर बरोबर ठरविणे न्याय्य नव्हे.