पुरस्काराविना राहिलेला अभिनय

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या एकांकिका स्पर्धेसाठी गुणांचा तक्ता तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. सरकारी नोकरीत तक्ते आखण्यातच निम्मी हयात गेलेली, त्यामुळे ते मी हौसेने केले. उत्कृष्ट एकांकिका, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि बालकलाकार असे पाच रकाने होते. त्या रात्री लिंबायतच्या एका काकांनी काम सुटलेल्या लूम कामगाराची जेमतेम दहा मिनिटांची भूमिका केली. बायकाच काय, मागे उभे असलेले बाप्ये गडीही डोळे पुसत होते. बक्षीस समारंभात मात्र काकांचे नाव आलेच नाही. नंतर एका परीक्षकांनी मला विचारले, "त्यांना द्यायचे होते हो, पण लिहायचे कुठल्या रकान्यात?"

सहायक भूमिकेचा रकाना मी ठेवलाच नव्हता. ही चूक मनाला लागली. मग मोठ्या पुरस्कारांत असे कधी झाले आहे का, याचा शोध घेऊ लागलो. जे सापडले ते आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात आपल्या सुरतपासूनच करू. हरिहर जरीवाला, म्हणजे संजीव कुमार, हे या शहराचे सुपुत्र. 'दस्तक' आणि 'कोशिश' या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पण त्यांचा 'शोले'मधला ठाकूर आठवा. हात नसलेल्या माणसाचा सगळा संताप त्यांनी डोळ्यांतून दाखवला. १९७५ च्या त्या चित्रपटाला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तो फक्त एक, संकलनाचा, आणि तो घेतला आपल्या एम. एस. शिंदे यांनी. अभिनेत्याचा मान त्या वर्षी संजीव कुमार यांनाच मिळाला, पण 'आँधी'साठी. अमजद खान यांचा गब्बर रिकाम्या हाताने परतला, कारण सहायक अभिनेत्याचा पुरस्कार 'दीवार'च्या शशी कपूर यांना गेला. इथे रकाने होते, पण चुरस तगडी होती. हे समजण्यासारखे आहे.

'श्यामची आई'ची गोष्ट वेगळी आहे. आचार्य अत्रे यांच्या या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिलेवहिले सुवर्णपदक मिळाले. प्रत्येक मराठी माणसाला त्याचा अभिमान आहे. पण त्यातली आई साकारणाऱ्या वनमालाबाईंना त्या समारंभात अभिनयासाठी काय मिळाले? काहीच नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत तेव्हा अभिनयाचा पुरस्कारच नव्हता. तो सुरू झाला १९६७ च्या चित्रपटांपासून, आणि पहिले मानकरी ठरले उत्तमकुमार व नर्गिस. फिल्मफेअर पुरस्कारही १९५४ सालीच सुरू झाले, पण ते हिंदी चित्रपटांसाठी. 'सिकंदर'मध्ये रुखसाना झालेली ही देखणी नटी इथे कोकणातल्या गरीब घरची आई झाली. श्यामला शिक्षा करताना तिचा हात कठोर होतो आणि चेहरा कळवळतो. वनमालाबाईंचे ते काम पाहताना आजही आपली आई आठवते.

नंतर येतात निळूभाऊ फुले. पुण्यात सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा हा माणूस सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आला. 'सामना'मधला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील त्यांनी आवाज न चढवता उभा केला, म्हणून तो अधिक भीतिदायक वाटतो. 'सिंहासन'मध्ये तेच निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस झाले, सगळे पाहणारा आणि काहीच बदलू न शकणारा. दोन्ही चित्रपट डॉ. जब्बार पटेल यांचे, आणि दोन्हींना उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. निळूभाऊंना राज्य शासनाचे पुरस्कार मिळाले, संगीत नाटक अकादमीनेही गौरवले. पण अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार काही लाभला नाही. सगळ्या भाषांत मिळून अभिनेत्याचा मान एकच, आणि सहायक अभिनेत्याचा रकाना उघडला तो १९८४ च्या चित्रपटांसाठी. तोवर 'सिंहासन' येऊन पाच वर्षे झाली होती.

तिसरे उदाहरण 'श्वास'चे. 'श्यामची आई'नंतर तब्बल पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळाले. बालकलाकाराचा पुरस्कार अश्विन चितळेला मिळाला आणि तो योग्यच होता. त्या वर्षीचा अभिनेत्याचा मान तमिळ नट विक्रम यांना गेला. त्याबद्दलही तक्रार नाही. पण नातवाचा जीव वाचवायचा तर त्याची दृष्टी जाणार, हे कळलेले आजोबा अरुण नलावडे यांनी कसे साकारले आहेत! शस्त्रक्रियेआधी ते पोराला गुपचूप रुग्णालयाबाहेर नेतात, डोळे भरून जग दाखवतात. स्वतःचे डोळे मात्र कोरडे ठेवतात. त्या लहानग्याचे काम उठून दिसते, कारण समोर आजोबा भक्कम उभे आहेत.

या तिन्ही वेळी चित्रपटाला मान मिळाला. परीक्षक दुष्ट नव्हते. एकदा रकाना नव्हता, एकदा उशिरा आला, एकदा जागा एकच होती. म्हणजे एखाद्याचे नाव यादीत नाही, याचा अर्थ त्याचे काम उणे होते असा होत नाही. यादीचाही स्वतःचा इतिहास असतो. ज्या भूमिका यादीत बसल्या नाहीत, त्या टिकल्या त्या तुमच्या-आमच्या घरात झालेल्या गप्पांमुळे.

हे सगळे वाचून झाल्यावर मी त्या काकांच्या घरी गेलो आणि चूक कबूल केली. ते हसले. म्हणाले, "अरे भाऊ, त्या रात्री माझी नात मला बिलगून रडली. अजून काय पाहिजे?" त्यांना नसेल पाहिजे, पण आपल्याला द्यायला हवे. या वर्षीच्या तक्त्यात सहावा रकाना आहे, सहायक भूमिकेचा. आणि खाली एक ओळ कोरी सोडली आहे. कुठेच न बसणारे पण मनात राहिलेले एखादे काम परीक्षकांनी त्या ओळीवर लिहावे.

काकांची तालीम सुरू झाली आहे. पाहायला नक्की या.

गणपती बाप्पा मोरया!