कारागीरवस्ती-भेट (पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर)

कारागीरवस्ती-भेट : परंपरागत हस्तव्यवसाय करणाऱ्या कुटुंबांच्या आळीत, वाड्यात किंवा गावात एका दिवसापुरते जाऊन तेथील काम समजून घेणे आणि कारागिराच्या देखरेखीखाली त्यातील एखादी क्रिया स्वतःच्या हाताने करून पाहणे, या उपक्रमाला कारागीरवस्ती-भेट म्हणता येते. प्रदर्शनात तयार वस्तू दिसते, बाजारात तिची किंमत कळते. परंतु कच्चा माल, हत्यार, श्रम आणि वेळ यांचा परस्परसंबंध कामाच्या जागीच उलगडतो. पाहुण्याचा हात कामाला लागला, तरच अशा भेटीला शिक्षणाचे मूल्य येते, आणि शिकवणाऱ्या कारागिराच्या वेळेचा योग्य मोबदला दिला गेला, तरच ती त्याच्यासाठी न्याय्य ठरते. या दोन्ही कसोट्या अशा प्रत्येक भेटीला लावणे आवश्यक आहे.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रातील खेड्यांत सुतार, लोहार, कुंभार, चांभार इत्यादी बलुतेदार गावाची कामे करून हंगामाच्या शेवटी धान्यरूपाने आपला वाटा घेत असत, त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन केले आहे. शहरांत हेच व्यवसाय आळ्यांच्या रूपाने वसले व एकेका जातीचे लोक एकेका आळीत राहून एकच काम पिढ्यान्‌पिढ्या करीत राहिले. या रचनेने कौशल्य जपले, पण ते जन्माशी जखडूनही ठेवले आणि हाताने काम करणाऱ्याला समाजाच्या उतरंडीत खालची जागा दिली, हे विसरून चालत नाही. हाताच्या कामाला शिक्षणात मानाचे स्थान देण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न वर्ध्यात झाला. तेथे १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेतून हस्तोद्योगाच्या द्वारे शिकवणारी ‘नयी तालीम’ पुढे आली आणि १९३८ मध्ये ग्रामोद्योगांची ओळख करून देणारे मगन संग्रहालय सुरू झाले. आजच्या कारागीरवस्ती-भेटीची वैचारिक मुळे, महाराष्ट्रापुरते पाहिल्यास, पर्यटनव्यवसायापेक्षा या परंपरेत अधिक खोल गेलेली आहेत.

औद्योगिक पट्ट्याची पार्श्वभूमी : पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्यानंतरच्या दोन दशकांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी व निगडी या गावांची शेते कारखान्यांखाली गेली. १९७० मध्ये येथे नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. पुढे वाहनउद्योगाचा विस्तार चाकणपर्यंत पोहोचला. नोकरीसाठी राज्याच्या व देशाच्या सर्व भागांतून आलेल्या कुटुंबांची मुले आता यंत्राने घडलेल्या वस्तूंतच वाढतात. त्यांच्या आजी-आजोबांच्या गावी सहज दिसणारा लोहाराचा भाता किंवा कुंभाराचे चाक पाहण्यासाठी त्यांना मुद्दाम जावे लागते. याच पट्ट्यात फिटर, टर्नर, साचे बनवणारे आणि पत्राकाम करणारे हजारो कुशल कामगार राहत असल्यामुळे धातूची, उष्णतेची व मापाची भाषा येथील घराघरांत परिचित आहे, आणि कारागिराशी बरोबरीच्या नात्याने बोलू शकणारा असा पाहुणा अन्यत्र सहजासहजी मिळत नाही.

या परिसरातून एका दिवसात साधता येणाऱ्या ठिकाणांत पुण्यातील तांबट आळी, शिवाजीनगरची हातकागद संस्था आणि रायगड जिल्ह्यातील पेण ही तीन विशेष महत्त्वाची आहेत. पहिली दोन पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटकडे जाणाऱ्या मेट्रो मार्गाच्या जवळ असल्याने शिवाजीनगर व कसबा पेठ या स्थानकांचा उपयोग करून ती एकाच दिवशी पाहता येतात. या मार्गाचा स्वारगेटपर्यंतचा शेवटचा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये खुला झाला.

तांबट आळी : कसबा पेठेतील ही वस्ती पेशवेकालीन मानली जाते. येथील कारागीर प्रामुख्याने त्वष्टा कासार समाजाचे असून हंडे, घागरी, कळश्या, तपेली, पाणी तापवण्याचे बंब आणि पूजेची तामणे ही त्यांची परंपरागत निर्मिती होय. तांब्याचा पत्रा मापाने कापून, वळवून व सांधून भांड्याचा कच्चा आकार तयार केला जातो. ठोके बसू लागले की तांबे कठीण होत जाते आणि तसेच ठोकत राहिल्यास त्याला चीर पडते, म्हणून ते मधूनमधून भट्टीत लालसर होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करावे लागते. शेवटची आणि सर्वांत नाजूक क्रिया म्हणजे मठारकाम. यात भांडे लोखंडी खुंटासारख्या आधारावर धरून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाला एक लागून असे समान ठोके दिले जातात, त्यामुळे पत्रा घट्ट होतो, आकार पक्का बसतो आणि पृष्ठभागावर लहान लहान चमकदार पैलूंची ओळ उमटते. ठोक्याचे वजन, भांडे फिरवण्याचा वेग आणि हातोडी पडण्याचा कोन या तिन्हींचा मेळ कारागीर कानाने राखतो, कारण पत्रा आधारावर नीट टेकला आहे की मध्ये पोकळी राहिली आहे, हे आवाजातूनच कळते.

पाहुण्याला करण्याजोगे काम म्हणून लहान तबकावर किंवा पत्र्याच्या तुकड्यावर मठारण्याचा सराव योग्य असतो. नवख्याचे ठोके कधी एकमेकांवर चढतात, कधी त्यांच्यात मोकळी जागा राहते, आणि हातोडीची कड लागली तर पत्र्यावर चंद्रकोरीसारखा व्रण उठतो. या चुकांमधूनच समान ठोक्याची किंमत समजते. चाकणच्या प्रेसखान्यात पंच व डाय यांच्यामध्ये पत्रा ओढून काही क्षणांत भाग तयार होतो, तेथेही धातू ताणला की कठीण होतो आणि मर्यादा ओलांडली की फाटतो. एकच धातुनियम यंत्राच्या दाबात व मनगटाच्या ठोक्यात कसा प्रकट होतो, हे या भेटीत तंत्रशिक्षणाच्या विद्यार्थ्याला पुस्तकापेक्षा स्पष्ट दिसते.

तांब्याच्या कामाशी निगडित दुसरी क्रिया म्हणजे कल्हई. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, आमटी किंवा चिंचेचे पदार्थ ठेवले तर ते कळकतात, म्हणजे आंबट द्रव्याची धातूशी प्रक्रिया होऊन ते खाण्यास अयोग्य होतात. हे टाळण्यासाठी भांडे तापवून त्यात नवसागराची पूड टाकतात व त्याने पृष्ठभाग स्वच्छ झाला की कथील लावून ते कापसाच्या बोळ्याने झपाट्याने पसरवतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तर तांब्याला वितळण्यासाठी १,००० अंशांहून अधिक तापमान लागते. या अंतरामुळेच ही क्रिया शक्य होते. नवसागराचा धूर डोळ्यांना व श्वासाला त्रासदायक असल्याने कल्हई पाहुण्यांनी दुरूनच पाहावी, ती त्यांच्याकडून करवून घेऊ नये.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियमची भांडी घरोघर पोहोचली, पाणी तापवण्याच्या बंबाची जागा विजेच्या व गॅसच्या उपकरणांनी घेतली आणि तांबटांचे नेहमीचे गिऱ्हाईक आटले. पुढे पिण्याच्या पाण्याची तांब्याची भांडी, दिवे आणि शोभेच्या वस्तू यांना शहरी ग्राहक मिळू लागल्याने मठारकामाला नवे मोल आले. पुण्यातील वारसा-फेऱ्यांत या आळीचा अनेकदा समावेश असतो. तथापि फेरीतील माणसे दारातून डोकावून पुढे जातात आणि कारागिराचे काम तेवढा वेळ थांबते, ही या फेऱ्यांची मोठी उणीव आहे.

हातकागद : जुन्नर व दौलताबाद परिसरात कागदी म्हणून ओळखले जाणारे मुस्लिम कारागीर हाताने कागद बनवीत आणि मराठी दप्तरांतील पुष्कळसे लेखन अशा कागदावर झाले. गिरणीच्या स्वस्त कागदापुढे हा धंदा खचल्यावर त्याच्या पुनरुज्जीवनाचा प्रयत्न गांधीजींच्या प्रेरणेने झाला आणि के. बी. जोशी यांनी १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी केली. कापडाच्या व होजिअरीच्या कापून उरलेल्या सुती तुकड्यांचा येथे कच्चा माल म्हणून उपयोग होत असल्याने या कागदासाठी झाड तोडावे लागत नाही. चिंध्या निवडून, बारीक कापून, पाण्याबरोबर कुटून त्यांचा लगदा करतात. तो हौदात पातळ करून जाळीच्या चौकटीने उचलला की पाणी निथळते व तंतूंचा एक ओला थर जाळीवर राहतो. हा थर कापडावर उलटून, दाबून, वाळवून व घोटून कागद तयार होतो. चौकट उचलताना हात किंचित जरी कलला, तरी एक कड जाड व दुसरी विरळ होते. भट्टी किंवा धारदार हत्यार यांचा संबंध नसल्यामुळे ही क्रिया लहान मुलांनाही निर्धोकपणे करता येते आणि म्हणून शालेय भेटीची सुरुवात हातकागदापासून करणे श्रेयस्कर ठरते.

पेण, हमरापूर व जोहे : पिंपरी-चिंचवडहून द्रुतगती मार्गाने खोपोलीमार्गे सुमारे १०० किमी अंतरावर असलेले पेण हे गणेशमूर्तींचे प्रसिद्ध केंद्र असून तालुक्यातील हमरापूर, जोहे या गावांत घरोघरी मूर्तिशाळा आहेत. खऱ्या अर्थाने कारागीरगाव म्हणावे असे हे या परिसरातून गाठता येणारे जवळचे उदाहरण होय. एका गणेशोत्सवानंतर थोड्याच काळात पुढील वर्षाचे काम सुरू होते आणि परदेशातील मराठी कुटुंबांकडे जाणाऱ्या मूर्ती जहाजाने पाठवायच्या असल्याने उत्सवाच्या कित्येक महिने आधी तयार कराव्या लागतात. साच्यातून मूर्ती काढणे, सांधे भरणे, घासून सफाई करणे, रंगवणे आणि दागिन्यांचे बारीक काम अशी कामाची विभागणी असते व त्यात घरातील स्त्रियांचा वाटा मोठा असतो. मूर्तीचे डोळे रेखणे, म्हणजे आखणी, हे सर्वांत कसबाचे काम समजले जाते आणि पेणच्या मूर्तीची ओळख प्रामुख्याने याच आखणीवरून पटते.

शाडू व प्लास्टर ऑफ पॅरिस यांतील वादाचे स्वरूपही येथे वस्तुनिष्ठपणे समजते. शाडू ही बारीक, पांढुरकी माती असून तिची मूर्ती जड व नाजूक होते, सावकाश वाळते आणि पाण्यात विरघळते. प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होते, हलके राहते व लांबच्या वाहतुकीला टिकते, पण पाण्यात सहज विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केल्यानंतर हा प्रश्न न्यायालयांपर्यंत गेला. शाडूचा गोळा हाताळून, तो साच्यात दाबून आणि वाळताना त्याला पडणारी भेग पाहून आलेला पाहुणा पर्यावरणाचा आग्रह धरतानाही शाडूच्या मूर्तीला अधिक दाम का द्यावे लागते, हे जाणतो. पावसाळ्यात काम ऐन भरात व वाळवणे कठीण असल्यामुळे भेटीसाठी हिवाळ्याचे महिने अधिक सोयीचे असतात.

तळेगावचे पूर्वोदाहरण : अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा जमवून उभारलेल्या व लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. उत्पादनाबरोबर काचकामाचे शिक्षण देणे हा त्याचा हेतू होता आणि येथे शिकलेल्यांनी हे ज्ञान देशाच्या इतर भागांत नेले. आजच्या औद्योगिक पट्ट्याला लागूनच कामातून शिक्षणाचा असा प्रयोग पूर्वी झाला होता, ही नोंद या संदर्भात महत्त्वाची आहे.

अन्य देशांतील उदाहरणे : व्हिएतनाममध्ये कारागीरगावांची भेट हा पर्यटनाचा स्थिर प्रकार झाला आहे. हनोईजवळील बात त्रांग हे मातीकामासाठी आणि वान फुक हे रेशमासाठी प्रसिद्ध आहे. होई आनजवळच्या ‘थान्ह हा’ या गावात एक स्त्री चाक फिरवते व दुसरी माती घडवते, आणि पाहुण्यालाही चाकावर बसता येते. भारतात ओडिशातील रघुराजपूर हे पट्टचित्रांचे गाव अशाच भेटींसाठी ओळखले जाते. या ठिकाणी वस्तूच्या विक्रीइतकेच काम शिकवणे हेही उत्पन्नाचे साधन बनले आहे. त्याचबरोबर पाहुण्यांची वर्दळ वाढली की झटपट खपणाऱ्या स्वस्त वस्तूंकडे कल वाढण्याचा धोकाही संभवतो.

भेटीची रचना व शिष्टाचार : चांगल्या भेटीत आधी कारागिराची सोय विचारून वेळ ठरवली जाते, गट लहान ठेवला जातो आणि सणासुदीच्या गर्दीचा काळ टाळला जातो. शिकवण्याचे शुल्क वस्तूच्या किमतीत न मिसळता वेगळे ठरवावे, कारण त्या वेळात कारागिराचे उत्पादन थांबलेले असते. पाहुण्याने बिघडवलेल्या मालाचा खर्चही त्यात धरावा. छायाचित्रासाठी परवानगी घेणे, राहत्या घरात न विचारता न शिरणे आणि दिवसभर शिकून झाल्यावर त्याच कारागिराशी भावात घासाघीस न करणे, एवढे पथ्य प्रत्येकाने पाळायला हवे. तांबट आळीतील सततच्या ठोक्यांपासून कानांचे आणि ठिणग्यांपासून डोळ्यांचे रक्षण करण्याची जबाबदारी आयोजकाची असते.

शिक्षणातील स्थान व मर्यादा : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, कुंभार, माळी, कलावंत अशा जाणकारांबरोबर काम करावे, अशी तरतूद आहे, पिंपरी-चिंचवडमधील शाळांना तिच्या अंमलबजावणीसाठी वरील वस्त्या हाताशी आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभार, मूर्तिकार, बुरूडकाम इत्यादी १८ व्यवसायांसाठी प्रशिक्षण, हत्यारे व कर्ज यांची सोय केलेली आहे. एका दिवसात कोणी कारागीर होत नाही आणि केवळ पर्यटनाच्या उत्पन्नावर कोणतीही कला जगत नाही. ती रोजच्या वापरातील मागणीवर जगते. म्हणून भेटीचे यश पाहुण्यांच्या संख्येवर मोजणे चुकीचे आहे. भेटीनंतर पाहुण्याने भांड्याला कल्हई करून घेतली का, पुढच्या वर्षी शाडूच्या मूर्तीची मागणी आधीच नोंदवली का, आणि कारागिराच्या मुलाला किंवा मुलीला, तसेच त्या जातीत न जन्मलेल्या एखाद्या तरुणालाही, हे काम मानाने व पुरेशा मिळकतीने करावेसे वाटले का, या प्रश्नांच्या उत्तरांवरच तिचे मूल्य ठरते.